परळच्या विहारातील विद्यार्थी

मुंबईच्या परळ भागात १९३७ साली एक विहार सुरू झाला. त्याचे नाव बहुजन विहार. इमारतीचे द्रव्य शेठ जुगलकिशोर बिर्ला यांनी दिले होते. भोवताली गिरण्यांच्या चिमण्या, पाळ्यांच्या भोंग्यांसरशी भरणारे आणि ओस पडणारे रस्ते, एकेका खोलीत कितीतरी माणसे सामावून घेणाऱ्या चाळी, आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हटले जाई त्या कष्टकऱ्यांची वस्ती. या विहाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते धर्मानंद कोसंबी त्या वेळी साठीला पोहोचले होते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी चार वेळा जाऊन काम केले होते, रशियातील लेनिनग्राडलाही ते जाऊन आले होते, आणि पाली भाषेचे जाणकार म्हणून त्यांचे नाव देशोदेशींच्या विद्वानांना ठाऊक होते. असा मनुष्य उतारवयात काशी किंवा पुण्यासारखे विद्येचे स्थान सोडून परळच्या धुरात येऊन राहतो, आणि दिवसभर साच्यावर उभे राहून आलेल्या माणसांना बुद्धाचा उपदेश समजावून सांगतो, ही गोष्ट व्यवहारी मनाला चटकन उमगत नाही. निवृत्तीनंतरचे हिशेब सहसा निराळे असतात.

तो उमगण्यासाठी थोडे दूर, चीन देशाकडे पाहावे लागते. आचार्य कन्फ्यूशियस यांचा काळ इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ असा मानतात. परंपरेप्रमाणे भगवान महावीरांचे निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मधील. म्हणजे पावापुरीला ते निर्वाण झाले त्या वर्षी हा चिनी आचार्य चोवीस वर्षांचा होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. राज्यकारभार सुधारावा या इच्छेने कन्फ्यूशियस अनेक वर्षे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडले. पण कोणत्याही राजाने त्यांचा सल्ला फारसा मनावर घेतला नाही. व्यवहाराच्या मापाने ते अयशस्वीच ठरले. शिष्य त्यांना महात्मा म्हणू लागले तेव्हा त्यांनी ती पदवी नाकारली आणि स्वतःच्या पदरी दोनच गोष्टी ठेवल्या : शिकण्याचा कधी कंटाळा न येणे आणि शिकविताना कधी न थकणे. अत्यंत अल्प दक्षिणा घेऊन आलेल्यालाही त्यांनी परत पाठविले नाही, आणि विद्यार्थी कोणत्या कुळातला हे विचारले नाही.

जैन वाचकाला या दोन गोष्टी परक्या वाटणार नाहीत. तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपांमध्ये स्वाध्यायाची गणना आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनन करणे, पाठ घोकणे ही चारही विद्यार्थ्याची कामे, हे कोणीही सांगेल. पण पाचवा प्रकार उपदेशाचा, म्हणजे दुसऱ्याला सांगण्याचा आहे. शिकविणे हे शिकणे संपल्यानंतरचे काम नसून शिकण्याचेच एक अंग आहे, आणि हे सारे मिळून उपवासाच्या पंक्तीला बसणारे तप आहे, असे आचार्य उमास्वाती मानतात. पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्यांची मिरवणूक निघते, पारण्याचे सोहळे होतात. वर्षभर संध्याकाळी पाठशाळेत मुलांकडून प्रतिक्रमणाची सूत्रे घोटून घेणाऱ्या शिक्षकाचे तपही शास्त्राच्या यादीत त्याच प्रकरणात आहे. त्याची मिरवणूक निघाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

कोसंबींचे आयुष्य या पाचव्या अंगाचे चालतेबोलते भाष्य आहे. गोव्यातील सांखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. प्रकृती अशक्त, शाळा अर्धवट सुटलेली, आणि तरुणपण माडांच्या बागायतीची देखरेख करण्यात गेलेले. लग्नही लहानपणीच झाले. अशा या तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक पडले आणि त्यात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले. मुलांसाठी लिहिलेला तो साधा लेख होता. पण हा धर्म मुळातून समजून घ्यायचा, ही एकच ओढ त्याने या तरुणाच्या मनात निर्माण केली. १८९९ सालच्या अखेरीस तो घराबाहेर पडला. संस्कृत येत नव्हते, पाली तर अक्षरानेही ठाऊक नव्हती. वय तेवीस. व्यापारी घरातला मुलगा या वयात गादीवर बसून उलाढाल पाहू लागलेला असतो.

येथे थोडे थांबायला हवे. घरात पत्नी बालाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक होती. सुमारे सात वर्षे त्यांनी पतीविना काढली. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना अशी वर्षे एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. पण ज्याच्या घरात ती गेली त्याला ती एका ओळीत मावत नाहीत. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत कुटुंबधर्माचे स्थान फार वरचे आहे. आईवडील हयात असताना मुलाने उगाच दूर जाऊ नये, गेलाच तर ठावठिकाणा सांगून जावे, असा त्यांचा आग्रह होता. जैन परंपरेतही वैराग्य कितीही उत्कट असले तरी मुमुक्षूने कुटुंबीयांची अनुमती मिळविल्यावरच दीक्षा घ्यावी असा दंडक आहे, आणि आजही तो पाळला जातो. या दोन्ही कसोट्यांवर तरुण कोसंबी उतरत नाहीत. त्यांच्या विद्येचा पहिला हप्ता बालाबाईंनी भरला, आणि तो कोणत्याही वहीत त्यांच्या नावे जमा झालेला नाही.

पुण्याला काही काळ संस्कृतचा आरंभ करून ते काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण शिकायचे, असा क्रम. कन्फ्यूशियसचा येन हुई नावाचा सर्वांत लाडका शिष्य अरुंद गल्लीत राहून, मूठभर भात आणि पाणी एवढ्यावर आनंदात शिकत असे, असे सांगतात. काशीच्या गल्ल्यांतला हा गोमंतकीय विद्यार्थी त्याचाच भाऊ शोभला असता. काशीहून १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात तरी त्याचा धर्म जिवंत सापडेल, ही आशा फोल ठरली. मग बोधगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या पायाशी बसून त्यांनी पालीचा पाठ घेतला. ब्रह्मदेशातही ते राहिले. एकच भाषा, पण सिंहलात ती सिंहली लिपीत आणि ब्रह्मदेशात बर्मी लिपीत. दोन्ही लिप्या नव्याने गिरवाव्या लागल्या. पंचविशी उलटून गेलेला मनुष्य पुन्हा पाटीवर अक्षरे काढू लागतो, यात संकोच वाटण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नसावे.

१९०६ नंतर कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले. तेथे नोकरी होती, मान होता आणि पगारवाढीची शक्यताही होती. त्यांचे मन मात्र महाराष्ट्राकडे ओढ घेत होते. ज्या भाषेत पहिल्याने बुद्धाची ओळख झाली त्या भाषेच्या लोकांना हे ज्ञान परत द्यायचे होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना जी तजवीज करून दिली ती पैशाचे व्यवहार पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे. दरमहा पन्नास रुपये मिळतील. मुदत तीन वर्षांची. आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. एवढ्याच अटी. हजेरीपट नाही, तारण नाही, दात्याच्या नावाचा फलक नाही. कोसंबींनी कलकत्त्याचे अधिक उत्पन्न सोडून हे पन्नास रुपये स्वीकारले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक या काळातले. व्यापारी समाज उदार आहे. धर्मशाळा, भोजनशाळा, सभागृहे यांना देणगी मिळायला वेळ लागत नाही. पण एका माणसाच्या अभ्यासाला तीन वर्षे पोसायचे, आणि त्याने काय शिकावे हे त्याच्यावर सोपवायचे, या प्रकारचे दान तेव्हाही दुर्मीळ होते आणि आजही आहे. सयाजीरावांच्या त्या थोड्या रुपयांवर जो परतावा मिळाला तो मोजायला नेहमीचे कोष्टक पुरत नाही.

पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले, आणि १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबी पालीचे अध्यापक झाले. शाळा अर्धवट सुटलेला, विद्यापीठाची एकही पदवी नसलेला मनुष्य पदवीधर घडवू लागला. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी. पुढे बापट पुण्यात, राजवाडे बडोद्यात आणि भागवत मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात पालीचे अध्यापन करू लागले. ज्या भाषेसाठी गुरूला समुद्र ओलांडावा लागला ती भाषा एका पिढीत मुंबईच्या विद्यार्थ्याला धोबीतलावावर शिकता येऊ लागली.

मध्यंतरी, १९१० मध्ये, प्राध्यापक वुड्स यांच्या पुढाकाराने हार्वर्डहून बोलावणे आले होते. आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ शुद्ध स्वरूपात सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. ते अपुरे टाकून तो १८९९ च्या जानेवारीत मरण पावला. त्याच वर्षाच्या शेवटी, पालीचा एक शब्दही न जाणणारा एक तरुण गोव्याहून निघाला होता, हा योगायोग मन थक्क करतो. वॉरनचे अपुरे काम या तरुणाकडे आले. परंतु संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि कोसंबी १९१२ मध्ये परत आले. नंतर १९१८, १९२६ आणि १९३१ साली ते याच कामासाठी पुन्हा गेले. १९१८ च्या प्रवासात त्यांनी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. दामोदर म्हणजे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेले दा. ध. कोसंबी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. बालाबाई मात्र हिंदुस्थानातच राहिल्या.

जैन समाजाशी कोसंबींचा निकटचा संबंध आला तो अहमदाबादेत. महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात १९२२ ते १९२५ या काळात ते होते. मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी, पंडित बेचरदास दोशी हे तेथले सहकारी. सुखलालजींची दृष्टी किशोरवयात देवीच्या आजाराने गेली होती; त्यांनी सारी विद्या कानांनी मिळविली होती. एक डोळ्यांविना शिकलेला, दुसरा शाळेविना शिकलेला. बौद्ध आणि जैन आगमांचे जाणकार एका छपराखाली बसून एकमेकांचे ग्रंथ समजून घेत होते. अनेकान्तवादावर व्याख्याने पुष्कळ होतात. तो असा रोज आचरणात आणणाऱ्या जागा थोड्या.

हा संबंध निर्वेध राहिला नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयी कोसंबींनी जैन आगमांतील काही स्थळांचा जो अर्थ लावला त्याने समाजात मोठा क्षोभ उसळला. ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील त्याच विषयाच्या विवेचनानेही जैन मने दुखावली. त्या शब्दांचे अर्थ वनस्पतीवाचक आहेत, असे जैन आचार्यांचे व पंडितांचे म्हणणे. ते आजही ठाम आहे. कोसंबींनी आपले मत सोडले नाही. पण रागावलेल्या समाजाकडे पाठ फिरवून ते मोकळेही झाले नाहीत. उलट आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते भगवान पार्श्वनाथांच्या शिकवणुकीचा अभ्यास करीत बसले. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये निघाले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांतून साऱ्या जगाच्या व्यवहाराचा विचार करता येईल, असे त्यांना वाटू लागले होते. ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्याच तीर्थंकरांकडे सत्तरीला टेकलेला हा मनुष्य विद्यार्थी म्हणून गेला. वादात एवढे मोकळे राहणे बाजारातही अवघड आणि पंडितांत तर त्याहून अवघड.

परळचा बहुजन विहार या अहमदाबाद आणि अखेरच्या वर्षांच्या मधला. मिठाच्या सत्याग्रहातला तुरुंगवास होऊन गेला होता, काशीतील अध्यापन होऊन गेले होते. ‘बहुजन’ हा शब्द त्यांनी बौद्ध ग्रंथांतल्या बहुजनांच्या हिताच्या कल्पनेवरून घेतला. परळ-लालबागला रात्रीच्या शिक्षणाचे वातावरण अगोदरपासून होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविली होती. त्या शाळांत अक्षर शिकायचे, हिशेब शिकायचा, जमलेच तर पाळीतून सुटका करून घ्यायची. विहारात शिकून बढती मिळण्याची शक्यता नव्हती. तेथे जे मिळे ते एवढेच की, जन्माने माणूस उच्च-नीच ठरत नाही असे सांगणारा शास्ता अडीच हजार वर्षांपूर्वी याच देशात होऊन गेला, आणि त्याचे बोलणे मूळ भाषेतून वाचलेला मनुष्य ते मराठीत समजावून देत आहे. हार्वर्डच्या वर्गातील श्रोता आणि परळच्या चटईवरील श्रोता यांत त्यांनी दर्जा लावला नाही. दोनेक वर्षांनी ते येथून गेले. संस्था चालविण्यात ते फारसे रमणारे नव्हते. एका जागी मूळ धरून बसण्याचा गुण त्यांच्यात कधीच नव्हता, आणि तो असता तर त्यांच्या हातून कदाचित जास्त टिकाऊ संस्था उभ्या राहिल्या असत्या.

शरीर थकत गेले. त्वचेच्या असह्य कंडूने झोप नाहीशी केली. आता आपल्या हातून कोणाच्या उपयोगाचे काम होणार नाही, मग इतरांच्या सेवेवर भार होऊन का राहावे, या विचाराने त्यांनी संयुक्त प्रांतातील दोहरीघाट येथे १९४६ मध्ये आहारत्याग आरंभिला. गांधीजींना कळताच त्यांनी तो थांबवायला लावला. कोसंबींनी ऐकले. पुढे सेवाग्रामला आश्रमात असताना १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी आहार क्रमाक्रमाने कमी करीत नेला आणि ४ जून रोजी देह ठेवला.

ही सल्लेखना होती काय, याबद्दल जैन वाचकांत दोन मते होतील. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त तिचे प्रसंग मोजके आहेत : प्रतिकार नसलेले संकट, दुष्काळ, वार्धक्य, रोग. जगण्याची लालसा जशी वर्ज्य, तशी लवकर मरण यावे ही इच्छाही व्रताचा दोष मानलेली आहे. गुरूची आज्ञा आणि विधी या दृष्टीने पाहणारा श्रावक कोसंबींच्या बाबतीत हरकत घेऊ शकेल, आणि त्याची हरकत चूक म्हणता येणार नाही. पण जन्माने हिंदू, निष्ठेने बौद्ध असलेल्या या माणसाने अखेरचा धडा जैन परंपरेकडून घेतला, एवढे निश्चित. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी गाजावाजा न करता काम करणारा मनुष्य म्हणून त्यांचे स्मरण केले.

सेवाग्रामच्या त्या दिवसांत त्यांच्या मनात एक इच्छा शिल्लक होती : पालीच्या अभ्यासासाठी काही विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवावेत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने ते स्वतः उपाशीतापाशी गेले होते, ती वाट पुढच्या मुलांना थोडी सोपी व्हावी.

‘विसुद्धिमग्ग’ हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतून १९५० मध्ये बाहेर पडला. वुड्स १९३५ मध्ये आणि लॅनमन १९४१ मध्ये वारले होते. श्रेयाचा वाद घालायला कोणी उरले नव्हते. मुखपृष्ठावर वॉरन आणि कोसंबी अशी दोन नावे छापली गेली; एकाला जाऊन एकावन्न वर्षे झाली होती, दुसऱ्याला तीन.